इशबेलचं घड्याळ

शुक्रवारची संध्याकाळ झाली तरी इशबेलचं घड्याळ बिनदिक्कत चालत होतं.

"थांबत कसं नाही मेलं!"

"थांबेल कशानं?" पेगी हसली. "कारखाना बंद झाला, बाई."

दोघी कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या. तिथे ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांतून एवढी वीज वाहायची, की तिच्या चुंबकत्वानं मनगटावरची घड्याळं बंद पडत. म्हणून भट्टीघराच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. घड्याळ तिच्यात ठेवूनच सगळे आत जात. चहा घेऊन जाणारी इशबेल तेवढी दर आठवड्याला विसरायची. निदान टॉर्किलला तसं सांगायची.

टॉर्किलचं घड्याळदुरुस्तीचं दुकान फाटकासमोर होतं. शनिवारी ती घड्याळ न्यायची, तो ते तारेच्या वेटोळ्यातून फिरवून चुंबकत्व काढायचा. घड्याळ लगेच चालू व्हायचं. चहा, तिनं नेलेली लोण्याची बिस्किटं आणि गप्पा मात्र दुपारपर्यंत पुरायच्या.

गेल्या आठवड्यात भट्ट्या कायमच्या विझल्या, त्याच शनिवारी टॉर्किल तिच्याकडे पाठ करून बराच वेळ घड्याळाशी खटपट करत बसला होता. बिस्किटाला त्यानं हात लावला नव्हता.

"बहीण ग्लासगोला बोलावतेय," तो म्हणाला होता. "इथे आता कुणाची घड्याळं बंद पडणार?"

"किल्लीच देऊ नकोस," पेगीनं सुचवलं.

"घड्याळजी आहे गं तो. बघताक्षणी कळेल."

"मग आपट."

"आईचं आहे."

शनिवारी सकाळी ओटची लापशी ढवळताना इशबेलची नजर मनगटावर गेली. काटे हलत नव्हते. तिनं घड्याळ झटकलं, कानाला लावलं. किल्ली तर पुरी दिलेली होती. लापशी चुलीवर तशीच ठेवून ती बिस्किटांचा डबा घेऊन निघाली. इतक्या भरभर ती कित्येक वर्षांत चालली नव्हती.

दुकानात अर्धी भरलेली ट्रंक उघडी होती.

"भट्टीघरात गेले होते," ती धापा टाकत म्हणाली. "काढून ठेवायचं विसरलेच बघा."

"भट्ट्या थंड आहेत, इशबेल."

तिचे कान तापले. टॉर्किलनं घड्याळाचं झाकण उघडलं, चिमट्यानं एक बारीकसा स्क्रू उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"मला वाटलं होतं बुधवारीच थांबेल," तो म्हणाला. "गेल्या शनिवारी मी हा पुरेसा सैल केला नाही वाटतं."