उत्तरेकडची उशी

नवरा नागपूरला गोऱ्या साहेबाच्या रेल्वेत लागल्यापासून महालक्ष्मी दुपारी उत्तरेकडे डोकं करूनच निजायची. सासू गंगाबाई दर वेळी तिची उशी फिरवून ठेवायच्या. “उत्तरेस डोकं प्रेताचं गे! माझ्या लेकावर संकट आणतेस?” दोन वर्षांत लेक इकडे दक्षिणेत, कुंभकोणमला फिरकला नव्हता. आज मुलगी भवानी शाळेतून सुई घेऊन आली. मास्तरांनी ती चुंबकावर घासून दिली होती. तिनं आजीचं विड्याचं पान परातीतल्या पाण्यावर सोडून त्यावर सुई ठेवली. सुईचं टोक उत्तरेला वळलं. गंगाबाईंनी बोटानं ते चारदा दक्षिणेला फिरवलं, ते चारदा परतलं. “किती फिरवलीस तरी ती तिकडेच बघणार, आजी,” भवानी म्हणाली. जेवणं उरकून महालक्ष्मी आली, तर गंगाबाई आपलीच उशी उत्तरेला घेऊन पडल्या होत्या. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, “नागपूर सरळ इकडंच ना गे?”