यंदाही एकच कंद

"यंदाही एकच आला हो, मिस्त्री," व्लास्ताबाई म्हणाल्या आणि चेहरा होईल तितका पाडला.

मिस्त्री राडोवान बाईंच्या खडकबागेपुढे गुडघे टेकून बसले होते. उभ्या रोवलेल्या दगडी लाद्यांच्या फटीत वीतभर कोरिडॅलिस फुललं होतं. कोथिंबिरीसारखी नाजूक पानं, वर लांबट फुलांचा तुरा, रंग पिकल्या चेरीचा. तिश्नोवच्या खडकबाग मंडळात जांभळं, गुलाबी, पांढरं कोरिडॅलिस कुणाकडेही सापडलं असतं. हे लाल फक्त व्लास्ताबाईंकडे.

"पुढच्या वर्षी नक्की देते."

"पुढच्या वर्षी," मिस्त्रींनी मान डोलावली. "घाई कसली? कंदाच्या मनात आलं की फुटेल तो."

आता, कोरिडॅलिस लावणाऱ्या नवख्यालाही ठाऊक असतं की हा कंद दरवर्षी जमिनीखाली एकाचे दोन होतो. त्याला मनात बिनात काही यावं लागत नाही. मिस्त्रींनी जन्मभर थडग्यांचे दगड घडवले, मंडळात केस पांढरे केले, तरी एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरू नये याचं बाईंना नवल वाटे. बरंही वाटे. दगडाच्या संगतीनं माणूसही थोडा दगड होतो, असा निकाल त्यांनी लावून टाकला होता.

बाईंचा हिशेब सरळ होता. त्या कंदाच्या आशेवर मिस्त्री दर वसंतात यायचे आणि कधी नुसते बसायचे नाहीत. ही फटींची बाग त्यांनीच उभी करून दिली. मग जिना. मग पाण्याचा हौद. मग कुंपणाची भिंत, जी पडायला झालेलीही नव्हती. फुलं सरून पानं मातीत विरली, तरी 'कंदाची जागा कोरडी आहे ना, बघतो' म्हणून उन्हाळाभर फेऱ्या. बाई खसखशीचं सारण भरून कोलाच भाजायच्या, कॉफी व्हायची, मंडळातल्या एकेकाची यथास्थित निंदा व्हायची. नवरा गेल्यापासून त्या एवढ्या दुसरीकडे कुठे हसत नव्हत्या. कंद दिला की खातं बंद. मग द्यावा कशाला?

फुटलेले जादा कंद त्या जूनमध्ये गुपचूप उकरून ओलोमोत्सच्या यार्मिलाला धाडायच्या. हे अगदी पहिल्यापासून चाललेलं, मिस्त्रींनी मागायच्याही आधीपासून. दुर्मीळ रोप एकाच बागेत ठेवू नये, उंदरानं खाल्लं तर वंश बुडतो, हा खडकबागवाल्यांचा धर्म. तिश्नोवात कुणाला देऊ नकोस, एवढी शपथ मैत्रिणीला घातली की झालं.

पुढचा वसंत आला. लाल तुरा उमलला. मिस्त्री आले नाहीत.

बाई रोज फाटकाकडे पाहायच्या आणि रोज ठरवायच्या की आपण पाहत नाही. कुणीतरी दिला असेल त्यांना लाल कंद. नाहीतर दगडाला एकदाची अक्कल आली असेल.

"तुमचे मिस्त्री पाय मोडून बसलेत की," मंडळाची चिटणीस हेडविका पावाच्या रांगेत म्हणाली. "स्वतःच्या जिन्यावरून घसरले. दुसऱ्यांचे जिने बांधत हिंडायचं, मग दुसरं काय होणार?"

"माझे कसले?"

"बरं, ज्याचे असतील त्याचे. बघून या जरा. बागही बघा. एवढ्या वर्षांत गेला नसाल ना कधी?"

"काय बघायचंय? नुसते दगड आहेत, तेच सांगतात."

"असं सांगतात होय," हेडविका म्हणाली आणि पावाकडे फार लक्षपूर्वक पाहू लागली.

बाईंनी कोलाच भाजून टोपली भरली. पण पाय मोडलेल्या माणसाला कोलाच देऊन वर पुन्हा 'पुढच्या वर्षी' म्हणायचं, याला वेगळीच छाती लागते. त्या खुरपं घेऊन बागेत गेल्या. मुळांना धक्का न लावता तो तुरा मातीसकट उचलून त्यांनी कुंडीत बसवला. फटीत मागे काही ठेवलं नाही. ज्याला बघायला कुणी येणार नाही, ते फूल तरी काय करायचं?

बसमध्ये कुंडी मांडीवर धरून त्या 'येत जा अधूनमधून' हे वाक्य मनात घोळवत होत्या. कसंही म्हटलं तरी ते भीक मागितल्यासारखंच वाटत होतं.

मिस्त्रींचं फाटक उघडंच होतं.

"कोण आहे?" घरामागून आवाज आला.

"मी, व्लास्ता."

मग कुबडी दगडावर पडल्याचा खणखणाट.

"तिथंच थांबा, बाई. पुढच्या दारानं या. मागे चिखल आहे, काही बघण्यासारखं नाही."

"आणि दार कोण उघडणार, तुमचं प्लास्टर?" असं म्हणत बाई घराला वळसा घालून मागे आल्याही.

मागचा सगळा उतार लाल होता. लाद्यांच्या फटींत लाल, पायवाटेच्या कडेला लाल, सफरचंदाच्या झाडाखाली लाल. मधोमध बाकावर मिस्त्री, पाय स्टुलावर, आणि त्यांचे कानही त्याच रंगाचे.

बाईंनी कुंडी हळूच खाली ठेवली. त्या गर्दीत ती उठूनही दिसेना.

"यार्मिला," त्या म्हणाल्या.

"तिला बोल लावू नका. तिला शपथ तिश्नोवची होती. तिनं मला ओलोमोत्सला प्रदर्शनात दिला."

"कधी?"

मिस्त्रींनी पाय सांभाळत बाजूला सरकून बाकावर जागा केली.

"मी तुमच्याकडे पहिल्यांदा मागितला ना," ते म्हणाले, "त्याच्या आदल्या वर्षी."