अठ्ठाविसावा हात

मतदानाआधीच बिर्याणीचे थाळे आले, तेव्हा विरोधी गटाच्या सकलैनने नुसती भुवई वर केली.

कासम पारकर काय चीज आहे हे मस्कतच्या माबेला भागातल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या जमातीच्या मस्कत शाखेचा तो नऊ वर्षं सेक्रेटरी. नको असलेली घटनादुरुस्ती मारायची त्याची रीत ठरलेली होती. मत घ्यायच्या आधी बिर्याणी काढायची. जेवलेला माणूस डुलत गाडीकडे निघतो, हॉलमध्ये माणसं पुरत नाहीत, दुरुस्ती पुढच्या वर्षावर जाते. अशा पाच दुरुस्त्या त्याने भाताखाली पुरल्या होत्या. आज मात्र तो स्वतःचीच पुरायला बसला होता.

दुरुस्ती एका ओळीची. ज्याचं ओमानचं रहिवासी कार्ड रद्द होईल, त्याचं नाव त्याच दिवशी जमातीतून कमी. शब्द न् शब्द कासमचा. गावी परत गेलेले अकरा म्हातारे तिथून फोनवर मत द्यायचे, आणि अकराच्या अकरा सकलैनच्या बाजूने. घटनेला हात लावायचा तर हजर माणसंच लागतात, फोन चालत नाही, हे हेरून कासम तीन महिने घरोघरी चहा पीत फिरला होता.

मग सोमवारी कंपनीच्या मालकाने, अर्बाबने, त्याला आत बोलावलं. सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसापुढे अर्बाबने स्वतःच्या हाताने खजूर ठेवला, कॉफी ओतली, तेव्हाच कासमने ओळखलं. महिनाअखेर नोकरी खलास, आणि नोकरीबरोबर कार्डही. ते पत्र आता शर्टाच्या खिशात घामाने चिकटलं होतं. घरी बायकोला, फरिदालाही, त्याने ते दाखवलं नव्हतं. मीटिंग होऊ दे, मग सांगू.

नोकरी गेली ते गेलं. पण पुढच्या सभेत गावच्या जेट्टीचा रस्ता ठरणार होता. कासमच्या अंगणातून, विहीर बुजवून, की सकलैनच्या भावाच्या वाडीतून. मस्कतवाल्यांनी ठरवलं की गावात ते ठरलं. नाव गेलं तर कासमने पडवीत उभं राहून जेसीबी बघायचा, एवढंच काम उरत होतं.

मसुदा मागे घ्यावा, तर ते दारही त्यानेच लावून घेतलेलं. एकदा वाटलेली दुरुस्ती मागे घेता येणार नाही, हे कलम तीन वर्षांपूर्वी सकलैनला अडवायला त्यानेच घातलं होतं.

बाहेर धूळ उठली होती. खिडक्या पिवळ्या पडल्या होत्या आणि एसी दम लागल्यासारखा घुरघुरत होता.

“थाळ्याला कोणी हात लावायचा नाही,” सकलैन म्हणाला. “आधी मत. हा माणूस लवकर वाढतो तेव्हा आपलं काहीतरी बुडतं.”

माणसं उठली असती तर सकलैनच जिंकत होता. पण नऊ वर्षांच्या अनुभवाने तो इतका शहाणा झाला होता की त्याला ते दिसेना. थाळे तसेच राहिले. एक माणूस जागचा हलला नाही.

कासमने मनात पुन्हा हिशेब मांडला. हजेरीच्या सह्या बेचाळीस, त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे अठ्ठावीस. आपले पक्के बत्तीस. त्यातले सूरहून अडीच तास गाडी हाकत आलेले तिघे त्याने मघाशीच बर्फ आणायला पिटाळले होते. एका बर्फाला तीन माणसं कशाला, असं त्यांनीही विचारलं नाही. इतका त्याचा शब्द. फरिदाला भातावर ठेवलेलं. राहिला स्वतःचा हात. एका हातात वही, दुसऱ्यात पेन धरून तो उभा राहिला.

“मसुदा तुझा, मग हात कुणाचा?” सकलैनने विचारलं.

“मोजणाऱ्याने मत द्यायचं नसतं.”

“कधीपासून?”

“आजपासून.”

हात वर गेले. पुरुषांचे मोजले, पलीकडे बायका बसल्या होत्या त्यांचे मोजले. सत्तावीस. परत मोजले. सत्तावीस. आपल्याच माणसांनी आपल्याला दगा दिला नाही याचं कासमला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं, पण एकाने कमी होते. अध्यक्ष ईसाकमामू चष्मा पुसून “नामंजूर” लिहायला पेन शोधू लागले.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. “थांबा. माझा राहिला.”

फरिदा पदराने तोंड पुसत उभी होती. तिचा हात वर होता.

“मोजणी झाली, भाभी,” सकलैन म्हणाला.

“बरोबर बोलतोय सकलैन,” कासम घाईने म्हणाला.

नऊ वर्षांत हे वाक्य त्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. सकलैनने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग घामाने भिजलेल्या खिशातून दिसणाऱ्या कंपनीच्या शिक्क्याकडे, आणि आपली हरकत सोडून तो खुर्चीत मागे रेलला.

ईसाकमामूंनी वही ओढून घेतली. “सही आहे हिची. मी अजून निकाल लिहिलेला नाही. हात चालेल.”

“चालणारच,” फरिदा म्हणाली. “तीन महिने हा माणूस ह्याच्यापायी धड जेवला नाही, आणि मी आत भात ढवळत बसू?”

अठ्ठावीस. मामूंनी सावकाश ‘मंजूर’ लिहिलं, खाली तारीख घातली आणि सेक्रेटरीच्या सहीसाठी वही खाली बसलेल्या कासमपुढे परत सरकवली. टाळ्या पडल्या. सकलैनने सगळ्यात आधी थाळा पुढे ओढला आणि जेवायला सुरुवात केली.

फरिदा नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली. वहीत त्याची सही होईपर्यंत थांबली. मग खाली वाकून, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “असं तोंड काय करून बसलात? हसा की जरा. आज मी जिंकवलं तुम्हाला.”