बाहेर बसायचे दिवस

दगू गोणपाट बगलेत मारून मागच्या पडवीत जाऊन बसली आणि गजराबाईच्या जिवात जीव आला. पोर बाहेर बसली होती. या महिन्यापुरतं तरी देवाने तारलं.

ती तशीच अंगणात आली. वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या उगाच उलट्यापालट्या केल्या आणि शेजारच्या तापीबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दगू आजपाईन बाहेर बठेल शे वं बाई! सर्वं काम मन्हाच गळामा पडनं."

"हाव का?" तापीबाई म्हणाली आणि डाळ पाखडत राहिली. वर्षभरात तिने कितीदा तरी म्हटलं होतं, "पोरनं आंग भारी भरनं वं, गजराबाई." म्हणताना तिची नजर दगूच्या पोटावरून हलत नसे. दुसऱ्याच्या पोरीचं पोट बघायला गल्लीला नेहमीच सवड असते.

दगू अंगाने सुटलीच होती तशी. पोलकी उसवून उसवून त्यांत आता उसवायला शिवण उरली नव्हती. मान काळपट पडलेली, गालांवर पुटकुळ्या, हनुवटीवर केस. ते ती आईच्या नकळत उपटायची. खाणं मात्र घरातल्या सगळ्यांसारखंच, भाकरी आणि डाळ. "पाणी पिसन सुजस का काय पोर?" एवढं बोलून तिचा बाप चुडामण शेतात निघून गेला होता. बापांना असं निघून जाता येतं.

गजराबाईला जाता येत नव्हतं. आधीची लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून हिला दगडाचं नाव दिलं होतं. दगडाकडे काळ बघत नाही म्हणे. काळाने नाही बघितलं, पण आता अख्खं गाव बघत होतं. त्यात धानोऱ्याला सोयरीक ठरलेली. दिवस गेल्याची नुसती कुजबुज तिकडे पोचली असती, तरी पोरीचा जन्म वाया गेला असता.

पोर तशी नाही, हे गजराबाईला ठाऊक होतं. पण डोळा ऐकत नव्हता. दगू हंडा उचलायला वाकली की तो पोटावर जाई. वाढताना जाई, वेणी घालताना जाई. पोर झोपली की ती हळूच पदर सरकवून बघायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

बाहेर बसायच्या दिवसांत मात्र सगळं सोपं होई. पोरीला शिवायचं नाही, भाकरी वरून टाकायची, पाणी दुरून ओतायचं. पण त्याच दिवसांत गजराबाई पडवीच्या उंबऱ्याशी बसून लेकीशी भरभरून बोलायची. माहेरच्या गोष्टी सांगायची, आखाजीच्या सणाला झोक्यावरून कशी पडली ते सांगायची. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग दगू डोकं धुऊन घरात यायची आणि पुन्हा पहिले पाढे सुरू व्हायचे.

पुढच्या आठवड्यात धानोऱ्याची विहीण येऊन गेली. जाताना म्हणाली, "पोर जराशी जाड दिसी ऱ्हायनी. आखाजीले आखो येसूत देखाले."

त्या रात्री गजराबाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. नंदुरबारला नवी बाई डॉक्टर आल्याचं कानावर होतं. एस.टी. नुकतीच गावात येऊ लागली होती. दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन निघाली.

"पाळी वेळेवर येते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर गजराबाईकडे तयारच होतं. "येस ना! दर महिनाले बाहेर बठस. सर्वी गल्ली देखस, बाई."

"मी मुलीला विचारलं."

दगूने आधी आईकडे बघितलं. बाई तिला पडद्याआड घेऊन गेल्या. गजराबाई बाहेर पदराचं टोक पिळत उभी राहिली. आतून बाईंचा हळू आवाज येत होता, मग दगूचं मुसमुसणं. पडदा सरेपर्यंत तिने कुलदेवीला काय काय कबूल केलं, ते तिचं तिलाच आठवेना.

"हिला दिवाळीपासून पाळीच आलेली नाही," बाई म्हणाल्या.

 गजराबाईपुढे तापीबाई, विहीण, सगळं गाव एकदम उभं राहिलं. तिने लेकीचा दंड गच्च धरला.

"कोन शे तो? बोल! कोन शे तो?"

"कोणी नाही," बाई कडक आवाजात म्हणाल्या. "सोडा तिला. मी नीट तपासलंय. तिला दिवस गेलेले नाहीत. शरीरातल्या ग्रंथींचं काम बिघडलं की पाळी थांबते, अंग सुटतं, तोंडावर केस येतात. हा आजार आहे, यात पोरीचा काही दोष नाही. औषध देते. वेळ लागेल, पण फरक पडेल."

गजराबाई बाकावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. पोर चांगली होती. तिची पोर चांगलीच होती. खूप रडून झाल्यावर मग तिच्या ध्यानात आलं.

"मंग दर महिनाले बाहेर कसाले बठस वं?" तिने डोळे पुसत विचारलं. "गल्लीना भ्याव वाटना का तुले?"

दगूने नकारार्थी मान हलवली. दंडावर आईची बोटं उमटली होती, ती जागा ती चोळत होती.

"बाहेर बठस तव्हयच तू मन्हा तोंडकडे देखस, माय. बाकीना दिन पोटकडे."