बटणापाशी

दादरला बहिणीकडे संध्याकाळपर्यंत राहते म्हणून गेलेली यशोदा दुपारीच परत आली, कारण बहिणीकडे अचानक पाहुणे टपकले होते. फणसवाडीतल्या आपल्या खोलीचं दार तिने किल्लीने उघडलं आणि ती उंबरठ्यावरच थांबली.

शशिकांत दाराकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. समोर टेबलावर त्याचा तो जुना, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर कुशीवर पडलेला, पोट उघडं टाकून. आणि तो चालू होता. हे कळायला तिला इंजिनिअर असायची गरज नव्हती. शेजारच्या लाकडी बोर्डावरचा टेस्टिंगचा बल्ब मंद जळत होता आणि त्या उघड्या पोटात नवऱ्याचा उजवा हात होता.

तोंडाशी आलेली हाक तिने गिळली. दचकून हात जरा इकडचा तिकडे झाला, तर आत तीनशे व्होल्ट वाट बघत होते. याच खोक्याने शशिकांतला एकदा पार पलंगापर्यंत फेकलं होतं, तेव्हा त्याने ध्रुवची, पोटच्या पोराची शपथ घेतली होती, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. तेव्हा निदान हात तरी धड होते. आता वर्षभर दोन्ही थरथरतात. सांडू नये म्हणून ती त्याला चहासुद्धा अर्धाच कप देते.

"आलीस?" मान न वळवता शशिकांत म्हणाला. "बरं झालं. त्या भिंतीवरच्या बटणापाशी उभी राहा. मी म्हटलं की बंद कर."

काय निर्लज्जपणा म्हणायचा हा! पकडल्या गेलेल्या चोराने पोलिसालाच शिडी धरायला सांगावी, तसं. यशोदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती चपला न काढता गेली आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिली.

बोट जरा दाबलं असतं की विषय संपला होता. मग हवं तेवढं बोलता आलं असतं, आणि बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. ती बोट दाबणारच होती. तेवढ्यात तिला त्याचा डावा हात दिसला.

एक हात कायम पाठीमागे, हा त्या कामाचा नियम. दोन्ही हात आत घातले आणि चूक झाली, तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि वाटेत काळीज लागतं. शशिकांतने डावा हात पायजम्याच्या नाडीत खुपसून ठेवला होता आणि तिथे तो पिंपळाच्या पानासारखा हलत होता. उजवा मात्र हलत नव्हता. मीटरच्या लाल वायरीचं टोक तो नव्या कंडेन्सरांच्या एकेका पायावर अलगद टेकवत होता. इतका स्थिर हात यशोदाने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तो थरथरणारा हात धरावा असं तिला फार वाटलं. नेमकं तेच करायचं नव्हतं. आत्ता त्याला कुणीही शिवायचं नव्हतं.

"बाहेर दिला असतात तर कुणीही करून दिला असता," ती म्हणाली. आवाज तिने भाजीचा भाव विचारावा इतका साधा ठेवला होता.

"दिला असता."

"मग?"

"तू अर्धा कप चहा देतेस ना, ते मला कळतं गं."

तिला वाटत होतं, त्याच्या लक्षात आलं नसेल.

एकाएकी बल्ब उजळायला लागला. बल्ब मोठा झाला म्हणजे आत काहीतरी बिनसलं, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात ती शिकली होती. तिचं बोट ताठ झालं.

"अहो, बल्ब!"

"चढू दे थोडा. व्हॉल्व्ह तापतायत. बंद करू नकोस."

"नक्की?"

"यशोदा, नक्की."

तिने बोट आवरलं. आयुष्यात तिने बऱ्याच गोष्टींत त्याचं ऐकलं नव्हतं, आणि त्यातल्या बहुतेकांत तिचंच बरोबर निघालं होतं. बल्ब चढला, थांबला, आणि हळूहळू एका जागी स्थिरावला. मीटरचा काटा जिथे जायला हवा होता तिथे जाऊन उभा राहिला. लाल वायरीचं टोक आता शेवटच्या कंडेन्सरवर होतं.

"बंद."

तिने बटण दाबलं. बल्ब विझला. बटण सोडून ती तरातरा त्याच्याकडे निघाली.

"थांब! मला हात लावू नकोस अजून. बंद केलं तरी कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. उतरू दे."

ती त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर थांबली. काटा खाली यायला लागला, पण अगदी रेंगाळत. मुलाचा ताप उतरायची वाट बघावी तसे दोघं त्याच्याकडे बघत राहिले. खाली वाडीत कुणीतरी स्कूटर कुठे लावायची यावरून तावातावाने भांडत होतं.

काटा शून्यावर टेकला. शशिकांतने हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला, आणि तोही थरथरायला लागला.

"झाला," तो म्हणाला. आवाजातला आनंद काही लपत नव्हता.

"आता हात लावला तर चालेल?" यशोदाने विचारलं.

"आता चालेल."

तिने त्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की तो शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. आणि मग आपला हात तिला तिथून उचलताच येईना.