कॅनडाचा कृषिमंत्री

मुरुम गावच्या आडतीवर गोरोबानं हरभऱ्याचा ढीग ओतला होता, पण सकाळपासून एकाही व्यापाऱ्यानं त्यात हात घालून पाहिला नव्हता. मागच्या आठवड्यात त्यानं असाच माल परत नेला होता. आज विकूनच जायचं, असं ठरवून तो आला होता.

"थांब की जरा," आडत्या गुरुसिद्धप्पा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "कॅनडात निवडणूक झाली. आता तिकडं कृषिमंत्री कोण होतंय ते कळू दे, मग भावाचं बोलू."

"माझ्या हरभऱ्याचा भाव कॅनडावाला ठरवणार व्हय, अप्पा?"

"त्यांचा स्वस्त पिवळा वाटाणा बेसनासाठी इकडं आला की तुझा हरभरा कोण घेतंय? शहरातला एखादा वकील मंत्री झाला तर बरं. शेतकऱ्याचं पोर झालं, तर तिथल्या शेतकऱ्यांसाठी जगभर वाटाणा विकत सुटंल. मग तू मेलासच बघ."

गोरोबाच्या कपाळाची शीर उठली. रिकामं पोतं झटकून तो हरभरा परत भरायला लागला.

"तुम्ही उगंच भिताव, अप्पा," तो ओरडला. "आपल्याकडं तर आजवर सगळी शेतकऱ्याचीच पोरं मंत्री झाली!"