उत्तराखालची सही

"सिस्टर, इथं सही करा," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं पेन पुढं केलं. जीप बाहेर सुरूच होती.

अंजलीनं कागद वाचला. विरोधी पक्षाच्या एका आमदारानं विधानसभेत प्रश्न टाकला होता. मार्चअखेरच्या कुटुंब नियोजन शिबिरात न उकळलेली उपकरणे वापरली, हे खरे आहे काय? त्यामुळे नकोशी नावाच्या महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कारवाई केली? समोर उत्तरं टाइप केलेलीच होती. नाही. नाही. प्रश्न उद्भवत नाही.

सोबत एक दाखला जोडला होता. सगळं नियमानुसार झालं, असं आरोग्य उपकेंद्राच्या नर्सनं लिहून द्यायचं होतं. त्याच्या खाली तिचं नाव.

शिबिर गावच्या शाळेत झालं होतं. टार्गेट पुरं करायचं म्हणून एका दिवसात एक्केचाळीस बायका. अकरा वाजता स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. तिनं तसं सांगितलं. "स्पिरिटनं पुसून द्या, थांबायला वेळ नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. तिनं पुसून दिली. नकोशीला शिबिराला यायला तिनंच राजी केलं होतं. दहाव्या दिवशी नकोशी गेली. मागं दोन पोरी, धाकटी अजून रांगत होती.

"उपकरणं उकळायची ड्युटी कुणाची होती?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "कागदावर तुमची आहे. प्रकरण वाढलं तर आत कोण जाईल, विचार करा."

तिनं सही केली. ती सही तिची वाटेना. डॉक्टरांनी शेजारी दुसरी करून घेतली.

त्या दिवसापासून दारात गाडी थांबली की ती मागच्या खोलीत जायची. नकोशीची आई द्वारकाबाई रस्त्यात दिसली, की ती बोळात वळायची. प्रश्न टाकणाऱ्या त्या आमदाराकडं, आपल्या माहेरच्या भागातल्या रावजींकडं, जाऊन सगळं सांगणारी ही द्वारकाबाईच, हे अंजलीनं ओळखलं होतं.

पंधरा दिवसांनी भिगवणच्या स्टँडवर तिनं पेपर घेतला. मंत्र्यांनी सभागृहात तिचा दाखला फडकावला होता. शिबिरातल्या नर्सचीच ही सही आहे, आता सदस्यांनी माहिती देणाऱ्याचं नाव सांगावं, नाहीतर माफी मागावी, असं ते म्हणाले होते. रावजींनी नाव सांगितलं नव्हतं. माफी मागून ते खाली बसले होते. बातमी गावात पोचली, तशी तक्रार तिचीच असणार असं धरून माणसं द्वारकाबाईला तोंडावर म्हणू लागली, "म्हातारे, पोरीच्या मरणाचं भांडवल केलंस."

शनिवारी दुपारी एक म्हातारा माणूस एसटीतून उतरला आणि चालत उपकेंद्रात आला. "मी रावजी," तो म्हणाला. अंजली खुर्चीतून उठली.

"भिऊ नका, बाई. मी तुमाला काय विचारणार न्हाय. द्वारकाबाईंकडं आलतो. त्यांचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांच्या दारात गेलं असतं, म्हणून गप बसलो, एवढं सांगायला. त्यांनी तुमाला निरोप दिलाय. धाकट्या नातीला ताप हाय. सुई-औषध अंजलीबाईच्याच हातचं पायजे म्हणत्यात."

अंजलीनं विचारलं, "त्यांना ठावं न्हाय?"

"त्यांना वाचता येत न्हाय. पेपरात नाव न्हाय, आन् सही कुणाची, ते मी सांगितलं न्हाय."

तिनं दार लोटून घेतलं. मग स्टोव्ह, रॉकेल, स्पिरिट, स्वतःचे हात, सगळं तिनं सांगितलं. रावजी लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "तुमचं नाव मी घेणार न्हाय."

"घ्या, आबा," अंजली म्हणाली. "न्हायतर पुन्यांदा द्वारकाबाईच खोट्या ठरत्याल."

लिहिलेल्या कागदावर सही करून ती औषधाची पिशवी घेऊन द्वारकाबाईच्या घरी गेली. पोरीला औषध पाजलं. मग उंबऱ्याशी बसून, मान खाली घालून, आपण काय केलं ते तिनं सांगून टाकलं. द्वारकाबाईनं पोरीच्या कपाळावरची पट्टी दोनदा बदलली.

"औषीद किती येळा द्याचं," ती अखेर म्हणाली, "तेवढं सांगून जा."

घरी नवरा, रवींद्र, एवढंच म्हणाला, "नोकरी जाईल." अंजली म्हणाली, "व्हय."

त्याच उत्तरावर चर्चा मागणारा अर्ज रावजींनी अध्यक्षांकडं दिला. अर्ध्या तासाच्या चर्चेचा दिवस ठरला, तेव्हा अंजली आणि द्वारकाबाई मुंबईत प्रेक्षक गॅलरीत बसल्या होत्या. खाली रावजी उभे राहिले आणि त्यांनी कागद वाचला. स्टोव्ह बंद पडल्यापासून नकोशीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, सगळा.

मंत्री हसून उठले. "अध्यक्ष महोदय, पुन्हा तेच. सन्माननीय सदस्यांना हे सांगितलं तरी कुणी?"

"आपण दाखवलेल्या दाखल्याखाली जिची सही आहे," रावजी म्हणाले, "तिनंच."

मंत्र्यांनी फाईल उघडली, पानं उलटली आणि खालचं नाव शोधून मोठ्यानं वाचलं. निलंबन, चौकशी, मोठ्या डॉक्टरांच्या समोर द्यायची साक्ष, हे सगळं अजून पुढं होतं.

गॅलरीत उभं राहायला मनाई असते. अंजली उभी राहिली.